तीर्थनच्या खोऱ्यात सहा मुक्काम

प्रवासवर्णन बहुधा गाडी हलते तेथून सुरू होते. आमचा प्रवास मात्र इंदूरच्या घरात, जेवणाची पाने उचलल्यावर मोकळ्या झालेल्या टेबलावर सुरू झाला, आणि खरे सांगायचे तर त्याचा अर्धाअधिक भाग तेथेच घडला. 2023 ची दिवाळी नुकतीच आटोपली होती. फराळाचे डबे तळाला लागले होते. आप्पांनी आपला जुना नकाशा टेबलावर पसरला आणि हिमाचलातल्या एका निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, “ही तीर्थन. पस्तीस वर्षे मुलांना बियास शिकवली. पण तिची एकही उपनदी डोळ्यांनी पाहिली नाही.”

आप्पा भूगोलाचे निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. त्यांचे म्हणणे ऐकून दादा हसले, आम्ही उभयतां हसलो. हसल्या नाहीत त्या एकट्या वहिनी. त्यांनी टेबल पुसता पुसता एवढेच विचारले, “आणि या वेळी छोटीला पाठीवर घालून कोण खाली आणणार?”

या प्रश्नामागची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. 2022 च्या उन्हाळ्यात आम्ही एका सहल काढणाऱ्यांबरोबर हिमालयात गेलो होतो. मैदानातून निघाल्यापासून तिसऱ्याच रात्री आमचा मुक्काम बारा हजार फुटांवर पडला. आमची पुतणी छोटी तेव्हा चौदा वर्षांची होती. संध्याकाळी तिचे डोके दुखू लागले, जेवण नकोसे झाले, मग ओकाऱ्या सुरू झाल्या. नेणारे म्हणाले, “सगळ्यांनाच होते, लसणीचे सूप द्या, सकाळी खिंड ओलांडू.” आम्ही मान डोलावली, कारण खिंड पाहायची हौस आम्हांलाही होतीच. मध्यरात्री पोरीला धड उभे राहता येईना, पाऊल वाकडे पडू लागले, तेव्हा एका हमालाने तिला पाठुंगळी घेतले आणि बॅटरीच्या उजेडात आम्ही हजारभर मीटर खाली उतरलो. उतरल्यावर ती सावरली. डॉक्टरांनी सांगितले की उतरलात म्हणून बरे झाले. दोष नेणाऱ्यांचा होता खरा. पण मान आम्ही डोलावली होती, ही गोष्ट वहिनी विसरल्या नव्हत्या आणि आम्हीही विसरलो नव्हतो.

म्हणून वहिनींच्या प्रश्नावर कोणी बोलेना. बोलली ती छोटीच. ती म्हणाली, “आई, या वेळी बेत मी आखते. तुला पटला तरच जाऊ.” शाळेची एक कोरी वही तिने आणली आणि पहिले पान उघडले.

स्थळ ठरवायला फार वेळ लागला नाही. तीर्थनचा उगम ज्या रानात आहे ते म्हणजे कुल्लू जिल्ह्यातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान. 1984 साली त्याचा संकल्प जाहीर झाला, 1999 साली ते रीतसर राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2014 साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. क्षेत्र सुमारे 754 चौरस किलोमीटर. दोन हजार मीटरांखालच्या दऱ्यांपासून सहा हजार मीटरांवरच्या हिमशिखरांपर्यंत उंची. तीर्थन, सैंज, जीवा नाला आणि पार्वती या चौघींचे पाणी येथून निघून बियासला मिळते. आत मोटाररस्ता नाही, हॉटेल नाही. पायी जायचे आणि वनखात्याने नेमून दिलेल्या जागी तंबू ठोकायचा. आम्हांला हवे होते ते हेच.

पुढचा प्रश्न ऋतूचा. पावसाळा छोटीने पहिल्याच दिवशी लाल शाईने खोडला. जुलै 2023 मध्ये कुल्लू जिल्ह्यात जो महापूर आला, त्यात शेजारच्या सैंज खोऱ्यातली बाजारपेठ वाहून गेली होती. ती छायाचित्रे सर्वांच्या डोळ्यांसमोर ताजी होती. हिवाळ्यात बर्फ. उरले दोन काळ: मे ते जूनचा पूर्वार्ध, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. शाळेच्या सुट्टीमुळे मे ठरला. उद्यानाचा परवाना लागतो, ओळखपत्रांच्या प्रती लागतात, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. ही पत्रापत्री दादांनी अंगावर घेतली.

मग आले खरे गणित. नकाशावर गुशैणी गावापासून रोल्लाचा तळ दहा किलोमीटर, आणि रोल्लापासून शिल्ट हे ठिकाण त्याहून कितीतरी जवळ दिसते. आम्ही म्हणालो, “म्हणजे शिल्ट सकाळच्या चहानंतर गाठता येईल.” आप्पांनी चष्मा वर केला. “अरे, डोंगरात अंतर मोजत नाहीत, चढ मोजतात. रोल्ला सुमारे एकवीसशे मीटरांवर, शिल्ट एकतीसशेंवर. हजार मीटर उभे चढायचे आहेत.” छोटीने कोठूनतरी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा नियम शोधून काढला. 1892 साली सांगितलेला हा नियम सोपा आहे: दर पाच किलोमीटरांना एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास मिळवावा. म्हणजे शिल्टसाठी नुसत्या चढाचेच पावणेदोन तास. अंतराचा एक धरला की पावणेतीन. पण हा हिशेब तरण्या, सरावलेल्या माणसाचा. आम्ही घरगुती मंडळी. तेव्हा छोटीने त्याची सरळ दुप्पट केली आणि वहीत साडेपाच तास लिहिले. प्रत्यक्षात सहा लागले, हे येथेच सांगून टाकतो.

उंचीचा नियमही वहीत उतरला. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये. चढताना डोके दुखले, मळमळले, तर त्या दिवशी वर जाऊ नये. आणि चाल लटपटू लागली किंवा बसल्या जागी दम लागू लागला, तर रात्र असो वा पाऊस, खाली उतरावे. हे शेवटचे वाक्य वहिनींनी स्वतःच्या अक्षरात लिहिले. त्यानुसार मुक्काम ठरले: गुशैणीत एक रात्र, रोल्लाला दोन, शिल्टला दोन, परतताना पुन्हा रोल्लाला एक. शिल्टहून एक दिवस राखुंडीचा माथा करून यायचे. तो सुमारे छत्तीसशे मीटर उंच आहे. आप्पांच्या गुडघ्यांना शिल्टचा चढ झेपणार नव्हता, ते त्यांनीच सांगितले. “मला नदी पाहायची आहे, शिखर नव्हे. मी रोल्लाला थांबेन.” दादा त्यांच्यासोबत राहणार होते.

थंडीभर तयारी चालली. उसना आणलेला तंबू प्रथम गच्चीवर उभारला. पण सिमेंटमध्ये खुंट्या ठोकणार कशा, हे आधी कोणाच्या ध्यानात आले नाही. शेवटी अंगणात पेरूच्या झाडाखाली तो उभा राहिला. छोटीने आत बसून आम्हांस वरून दोन बादल्या पाणी ओतायला लावले. शिवणीतून पाणी ठिबकले. शिवणींना मेण चोळून पुन्हा बादल्या ओतल्या, तेव्हा आतला कागद कोरडा राहिला. शेजारच्या काकू कुंपणावरून हे सारे पाहत होत्या, त्यांनी वहिनींना हळूच विचारले, “घरात सगळे ठीक आहे ना?”

दर रविवारी पाठीवर सॅक बांधून आम्ही महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर जात असू. चंबळेचा उगम जिथे आहे ती ही टेकडी, माळव्यातल्या उंच टेकड्यांपैकी एक. तरी उंची अवघी 854 मीटर. पहिल्या रविवारी आमची सॅक रिकामी असूनही धाप लागली. एप्रिलच्या अखेरीस आठ किलो ओझे घेऊन न थांबता चढू लागलो. बूट दोन महिने आधीच घेऊन याच वाटेवर मळवले. ग्वाल्हेरहून आमचा मावसभाऊ येणार होता. त्यालाही पत्राने सारे कळवले होते. त्याचे उत्तर आले, “मी रोज किल्ला चढतो, माझी काळजी नको.” या उत्तराचे काय झाले ते पुढे येईलच.

शिधा हा वहिनींचा प्रांत. माणशी दिवसाला साडेसहाशे ग्रॅम कोरडा शिधा धरला, तर सात माणसांचे सहा दिवसांचे सत्तावीस किलो होतात, हे कळल्यावर यादीतून पहिली कात्री लोणच्याच्या बरणीला लागली. उंचीवर पाणी लवकर उकळते, साधारण दर तीनशे मीटरांना एक अंश कमी उष्णतेवर. शिल्टला ते नव्वद अंशांच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. म्हणून लहान कुकर आणि मुगाची डाळ. बाकी भाजलेली कणीक, मेतकूट, पोहे, गूळ-दाणे, खारीक आणि पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या. रॉकेल, स्पिरिट वा गॅसची टाकी आगगाडीत नेता येत नाही, तेव्हा चुलीची सोय तिकडेच करायची. रानात लाकूड तोडून शेकोटी करायची नाही, आणि कचऱ्याचा कण न् कण परत आणायचा, हे नियम तर होतेच.

निघण्याच्या आदल्या रात्री वहीचे पहिले पान भरले. त्यावर तीनच नियम होते. एक: सर्वांत मागे जो चालेल, त्याची चाल ती सगळ्यांची चाल. दोन: वाटेत तुकडी फुटणार नाही. तीन: माथा येवो न येवो, ठरल्या वेळी परत फिरायचे, राखुंडीच्या दिवशी ती वेळ सकाळी अकरा. खाली सातही जणांच्या सह्या. ग्वाल्हेरच्या भाऊची जागा मोकळी ठेवली होती. वहीतील मुक्कामांची एक प्रत शेजारच्या काकूंकडे ठेवली, आणि अमुक दिवसापर्यंत फोन आला नाही तर कोणास कळवायचे, तेही त्यावर लिहिले. कारण रानात फोनचा भरवसा नाही.

मे 2024 च्या मध्यास माळवा एक्सप्रेसने आम्ही निघालो. ग्वाल्हेरला भाऊ चढला, पायांत झगझगीत नवे बूट. छोटीने ते पाहिले, वही पुढे केली, सही घेतली आणि काही बोलली नाही. अंबाल्यास उतरून मोटारीने चंदीगड, बिलासपूर, मंडी करीत आम्ही बियासच्या काठाने वर गेलो. औटचा मोठा बोगदा येण्याआधीच कुल्लूचा हमरस्ता सोडून लारजीकडे वळावे लागते. लारजीला सैंज आणि तीर्थन बियासला येऊन मिळतात. तेथे आप्पांनी मोटार थांबवली, खाली उतरले आणि टोपी काढून उभे राहिले. पुढे बंजार, आणि बंजारहून गुशैणी.

गुशैणीत घरे अजून जुन्या धाटणीची आहेत: देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे एकाआड एक थर, खाली गुरे, वर माणसे. आमचा वाटाड्या तेथलाच, चाळिशीचा, बोलण्यात तोलून-मापून. त्याने आमची ओझी हातात घेऊन पाहिली आणि भाऊच्या सॅकमधून दोन किलोंचा साबण, तेल, आरसा वगैरे सरंजाम काढून घरी ठेवायला लावला.

रोल्लापर्यंतची वाट तीर्थनच्या काठाकाठाने जाते. पाणी हिरवट, काचेसारखे आणि हात बुडवला तर बोटे बधिर करणारे. सुमारे आठ किलोमीटरांवर उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. तेथपर्यंत शेते, सफरचंदाच्या बागा, पाठीवर चाऱ्याचे भारे घेतलेल्या बाया; त्यापुढे एकदम माणसाचा आवाज संपतो आणि नदीचा उरतो. आप्पांस हे दहा किलोमीटर चालायला सात तास लागले. आम्ही सारे त्यांच्या मागे, त्यांच्या चालीने. घाई नसली की रान किती दिसते, ते त्या दिवशी कळले. वाटाड्याने रानचेस्टनट, खरसूचा ओक, देवदार, कैल अशी झाडे एकेक करून दाखवली.

संध्याकाळी तंबू उभे राहिल्यावर तो चहाचा पेला घेऊन बसला. त्याच्या वडिलांच्या काळी गावचे लोक वसंतात याच रानात गुच्छी वेचायला येत, उन्हाळ्यात मेंढरे वरच्या थाचांवर, म्हणजे कुरणांवर नेत, औषधी मुळ्या खणीत. 1999 नंतर ते बंद झाले. ज्यांचे हक्क कागदोपत्री होते त्यांना भरपाई मिळाली. पुष्कळांची वहिवाट कागदावर नव्हतीच. “तुम्हांला राग येत नाही?” असे भाऊने विचारले. तो जरा वेळाने म्हणाला, “वडिलांना येत असे. मला सांगता येत नाही. जुजुराणा अजून ओरडतो, ते रान राखले म्हणून. आणि मी तुमचे ओझे वाहतो, तेही रान राखले म्हणूनच.” यात समाधान किती आणि व्यथा किती, ते आम्हांला उमगले नाही. उघड्या शेकोटीची बंदी ऐकून आम्ही सकाळी जरा कुरकुरलो होतो. ते आठवून मात्र ओशाळलो.

जुजुराणा म्हणजे पक्ष्यांचा राजा, पश्चिमी ट्रॅगोपन, हिमाचलचा राज्यपक्षी. साऱ्या पक्ष्यांनी आपापले एकेक पीस देऊन त्याला सजवले, अशी तिकडे कथा सांगतात. मे महिन्यात पहाटे तो साद घालतो. शिल्टच्या पहिल्या पहाटे वाटाड्याने आम्हांस तंबूबाहेर बोलावले. दरीतून एक आवाज आला, लहान मूल हेल काढून रडावे तसा. दिसला काहीच नाही. पण त्या थंडीत घोंगडी पांघरून उभ्या असलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, “एवढे ऐकले तरी पुष्कळ झाले.” छोटीचे डोके दुखते का, हे त्यांनी त्या दिवशी फक्त चार वेळा विचारले. दुखत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सहाला राखुंडीकडे निघालो. पहिला तास बरा गेला. मग भाऊ मागे पडू लागला. दर वळणावर तो बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने वाके. शेवटी वहिनींनी त्याला दगडावर बसवून बूट काढायला लावले, तो दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड! रोज किल्ला चढणारा आमचा वीर त्या दिवशी आमचा सर्वांत मागचा माणूस ठरला. कापूस, पट्टी बांधून पुन्हा चालू लागलो; पण आता त्याची चाल ती आमची चाल.

पावणेअकरा झाले, माथा समोर दिसत होता. वाटाड्याच्या अंदाजाने अजून तासाभराची वाट होती. पश्चिमेकडून ढग वर सरकू लागले होते, थंड वारा सुटला होता. आम्ही म्हणालो, “भाऊ इथेच बसेल. आपण चौघे वाटाड्याबरोबर धावत जाऊन येऊ. एका तासाने काय बिघडते?” भाऊही म्हणाला, “जा, जा, माझ्यासाठी थांबू नका.” वाटाड्या काही बोलला नाही; निर्णय आमचा होता.

छोटीने सॅकमधून वही काढली, पहिले पान उघडले आणि आमच्यापुढे धरले. “काका, सही तुमचीच आहे ना?”

ती चिडून बोलली नाही, हसूनही नाही. आम्ही पानाकडे पाहिले. दोन वर्षांपूर्वीची ती मान डोलावलेली रात्र आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. अकराला पाच मिनिटे कमी असताना आम्ही परत फिरलो.

येथे गारपीट झाली, वीज पडली आणि आमचा निर्णय किती शहाणपणाचा ठरला, असे लिहिता आले असते तर गोष्टीला शोभा आली असती. तसे काही घडले नाही. दोन वाजेतो ढग पांगले, आणि शिल्टच्या तंबूपुढे बसून आम्ही खिचडी खात असता राखुंडीचा माथा उन्हात स्वच्छ झळकत होता. भाऊ खालमानेने जेवत होता. आमचा घास जरा अडखळला, हे कबूल करतो. छोटी म्हणाली, “काका, अकरा वाजता आपल्याला हे ठाऊक नव्हते.” एवढेच. त्या वाक्याला उत्तर नव्हते, आणि खिचडीही निवत होती.

रोल्लाला परतलो तेव्हा आप्पा नदीकाठी पाय पाण्यात सोडून बसलेले. सारी हकीकत ऐकल्यावर ते म्हणाले, “उगीच हिरमुसू नका. ही तीर्थन पुढे बियासला मिळते. आपली विपाशा ती, ग्रीकांची हिफॅसिस. इसवी सनापूर्वी 326 साली तिच्याच काठावरून शिकंदराचे सैन्य मागे फिरले. शिपाई म्हणाले, पुरे झाले. तेवढा मोठा सेनापती, पण त्यालाही शेवटी मागच्या माणसाच्या चालीनेच चालावे लागले.” वाटाड्यासकट सारे हसले, भाऊ सर्वांत मोठ्याने हसला.

आप्पांनी त्या चार दिवसांत एका लहान डायरीत नदीचे टिपण केले होते: पहाटे पाणी किती उतरते, दुपारी बर्फ वितळून किती चढते, कोणत्या दगडाला किती वाजता शिवते. पस्तीस वर्षे वर्गात फळ्यावर काढलेली रेघ त्यांनी चार दिवस जवळून वाचली होती. आमच्यापैकी ज्याला जे पाहायचे होते ते पूर्ण पाहून आलेले, ते एकटेच.

घरी परतल्यावर शेजारच्या काकूंकडची प्रत परत आणली. तंबू वाळवून घडी घातला, कुकर घासून फडताळात गेला. रात्री पाने उचलल्यावर वहिनींनी टेबल पुसले, कोरडे केले आणि आप्पांचा नकाशा स्वतः आणून पसरला. चष्मा नाकावर नीट बसवीत त्यांनी विचारले, “भाऊजी, ते सैंजचे खोरे यातले कोणते?”

छोटीने वहीचे पुढचे कोरे पान उघडले.